पिशवीतला कागद, पडद्यावरची नोंद

दसरा सरला की बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. चकलांबा, उमापूर आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाची उचल कोयत्यावर मोजली जाते. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरी, पांघरुणं, शेळी आणि लेकरं. बाईजवळ एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, आणि ती गरोदर असेल किंवा कडेवर तान्हं मूल असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड. पुढचे पाच-सहा महिने त्या कुटुंबाचा सगळा वैद्यकीय इतिहास त्या पिशवीत मावतो.

समजा, त्या बाईला सहावा महिना आहे. गावाकडच्या शेवटच्या तपासणीत रक्तदाब १५० वर १०० भरला होता. गोळी सुरू केली होती, पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं. पंधरा दिवसांनी ती दूरच्या एखाद्या फडात मोळ्या बांधत असते. एका रात्री डोकं फुटायला लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि कोपीवरून तिला जवळच्या दवाखान्यात नेतात. तिथल्या डॉक्टरला तिच्याबद्दल एकच ओळ हवी असते : दाब कधीपासून वाढला, किती होता, कोणती गोळी चालू आहे. ही ओळ गावाकडच्या आरोग्य केंद्रात लिहिलेली असते, दोन-तीन ठिकाणी लिहिलेली असते. तिच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरपर्यंत ती पोचत नाही.

ही पुस्तिका त्या एका ओळीसाठी आहे, आणि ती ओळ लिहिणाऱ्या माणसासाठी. वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका, परिचारिका, औषध निर्माण अधिकारी या सगळ्यांनी संगणकावरची, टॅबवरची नोंद कमी वेळात, नीट आणि स्वतःचा जीव न जाळता कशी ठेवावी हे तिच्यात सांगितलं आहे. संगणकाचं माझं ज्ञान बेताचंच आहे. वीस वर्षं मराठवाड्यातल्या दवाखान्यांत ओपीडी केली आणि मधली काही वर्षं त्या कामाला पार विटून गेलो, एवढ्याच अधिकारावर ही प्रस्तावना लिहितो आहे.

विटलो होतो हे मला एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे कळलं. बाजारचा दिवस होता, बाहेर व्हरांड्यापर्यंत रांग. नाव, वय, गाव, तक्रार, निदानाच्या यादीतलं जवळचं निदान, औषध, अशी माझी बोटं चालली होती. समोरचे आजोबा बोलत होते. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, मी इकडं हाय." आवाजात राग नव्हता. मी मान वर केली तेव्हा लक्षात आलं की गेल्या दोन मिनिटांत ते काय बोलले यातलं मला काहीही आठवत नव्हतं. पुन्हा विचारलं. तीन आठवड्यांचा खोकला होता, संध्याकाळी अंग तापत होतं, सदरा सैल झाला होता. थुंकी तपासणीला पाठवावं असं पहिल्याच वाक्यात होतं, आणि मी पडद्यावर 'खोकला, सर्दी' निवडून मोकळा झालो होतो.

त्या दिवसांत दिवसा सर्व्हर अडायचा, म्हणून एन्ट्रीला आम्ही रात्री दहानंतर बसायचो. कोणी बसा म्हटलं नव्हतं. पेंडिंगचा आकडा सकाळच्या व्हिडिओ बैठकीत वाचला जायचा, तेवढं पुरेसं होतं. पूर्वी डेंग्यूच्या साथीत तीन-तीन रात्री जागून काढल्या होत्या. रात्री दोनला अडलेली बाई सुखरूप सुटली की पहाटेचा चहा गोड लागायचा. तो शिणवटा एका झोपेत उतरायचा. हा उतरत नव्हता.

याला बर्नआउट म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी आता आपल्याकडे रुळला आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो मोफत दवाखान्यांत राबणाऱ्यांच्या अवस्थेसाठी वापरला, आणि क्रिस्टिना मॅस्लाक यांनी पुढे त्याची मोजपट्टी तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली आणि ती देताना एक फार महत्त्वाची गोष्ट केली : त्याला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलं. तिची तीन लक्षणं. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल आणि कामात भेटणाऱ्या माणसांबद्दल मन कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. यातलं दुसरं लक्षण डॉक्टरच्या बाबतीत सगळ्यात घातक. आजोबा तीन आठवड्यांचा खोकला सांगत असतात आणि आपल्या कानावर फक्त आवाज पडतो.

यात आपण एकटे नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने दवाखान्यांना इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी भरघोस पैसे मिळाले आणि काही वर्षांत कागद जवळजवळ नाहीसा झाला. मग २०१६ मध्ये क्रिस्टीन सिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ५७ डॉक्टरांच्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशोब मांडला. रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते, आणि रात्री घरी आणखी एक-दोन तास. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या कुटुंब-डॉक्टरांचा अभ्यास आला. ११.४ तासांच्या दिवसातले ५.९ तास पडद्यासमोर. रात्रीच्या या कामाला तिकडे 'पायजमा टाइम' असं नाव पडलं आहे. आमचं दहानंतरचं एन्ट्री मारणं तेच होतं.

तिकडचा पडदा असा का झाला? तिकडे केलेल्या प्रत्येक कामाचं बिल विमा कंपनीकडे जातं, आणि बिलाला पुरावा लागतो. डॉक्टरची नोंद हळूहळू बिलाचा पुरावा बनली. आपल्या आरोग्य केंद्रात बिल नाही. आपल्याकडे त्या जागी अहवाल आहे. पडदा तिथे बिलासाठी घडला, इथे अहवालासाठी. रुग्ण दोन्हीकडे पडद्याच्या मागेच राहिला.

आपल्या पोर्टलांची नुसती नावं घेतली तरी ओळखीची दमणूक जागी होते. २००८ पासून एचएमआयएसचा मासिक अहवाल. २००९ मध्ये माता-बालकांचा माग ठेवणारी व्यवस्था आली, तिचं पुढे आरसीएच पोर्टल झालं. २०१२ मध्ये क्षयरोगासाठी निक्षय. २०२१ मध्ये साथरोगांसाठी आयएचआयपी. रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीचं ॲप वेगळं, लसीकरणाचं यू-विन वेगळं, औषधसाठ्याचं वेगळं, आणि या सगळ्यांवर आभा क्रमांक. यातलं एकही निरर्थक नाही, हे मी मनापासून म्हणतो. निक्षयमुळे औषध सोडलेला रुग्ण सापडतो. आयएचआयपीवर गावातल्या तापाचा आकडा त्याच दिवशी चढतो. त्रास होतो तो बाई एक आणि तिची नावं सात, यामुळे. प्रत्येक खिडकी तिला पुन्हा नव्याने नाव, वय, गाव विचारते, आणि ते विचारणारी आरोग्य सेविकाही एकच असते.

मग पडदे बंद करून वह्या परत काढाव्यात का? असं म्हणणारे सहकारी मला भेटतात आणि त्यांचा त्रागा मला कळतो. पण आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच एक उदाहरण आहे, ते त्यांना मी नेहमी सांगतो.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम हे तिचं क्षेत्र. शहरात रुग्णालयांतून आकडे गोळा करता येतात. खेड्यात बाई रुग्णालयात यायच्या आधीच गेलेली असते, म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातं हे ओट्यावर बसून विचारत राहिले. त्या पायावर पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, आणि आठ वर्षं प्रत्येक नावाचा पाठपुरावा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदा केलेली एचपीव्ही चाचणीसुद्धा मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हे जगाला कळलं. त्या अभ्यासात ज्या गटाची तपासणी झाली नाही त्याबद्दल पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले जायलाच हवे होते. पण माझं लक्ष नोंदीकडे आहे. आठ वर्षांनी तीच बाई, तेच नाव, तीच नोंद सापडत होती, कारण लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की हे नाव आपल्याला पुन्हा शोधायचं आहे.

आता आपल्या बीडकडे बघू. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांचं सर्वेक्षण झालं आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. या आकड्यापुढे मी दर वेळी थबकतो. प्रत्येक शस्त्रक्रियेआधी कुठेतरी एक केस पेपर झाला असेल, कुठेतरी सोनोग्राफी, कुठेतरी डिस्चार्ज कार्ड. हजारो कागद निरनिराळ्या कपाटांत आणि निरनिराळ्या पिशव्यांत पडून होते, आणि ते एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. भेटले असते तर घरोघर जाऊन मोजायची वेळ येण्याच्या कितीतरी आधी कुणाच्या तरी नजरेला हे खुपलं असतं. म्हणून मी वह्यांकडे परत जा म्हणत नाही.

एक रुग्ण, एक क्रमांक, एक नोंद ही कल्पना नवी नाही. १९०७ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी प्रत्येक डॉक्टरची वेगळी वही बंद करून प्रत्येक रुग्णाचं एक पाकीट सुरू केलं. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला चौदा आकडी आभा क्रमांक हे त्याच पाकिटाचं आजचं रूप. वेगवेगळ्या संगणकांना एकमेकांची भाषा कळावी यासाठीच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. हे जमलं तर फडातल्या त्या बाईची ओळ तिच्या संमतीने कर्नाटकातल्या डॉक्टरला दिसेल. पण आज उपकेंद्रात काय होतं? ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जातो, नवरा बाजाराला गेलेला असतो, आणि मागच्या हंगामात सिम बदललेलं असतं. ही अडचण सेविकेच्या आळसातून आलेली नाही, हे वरच्या बैठकांत मोठ्याने सांगायला हवं.

पुस्तिकेत पुढे कृती तपशिलाने दिल्या आहेत. त्यांतल्या काहींवर मला थोडं बोलायचं आहे, कारण त्यांनी मला परत माणसात आणलं.

पहिलं मिनिट हात कीबोर्डवर ठेवायचे नाहीत. रुग्ण बसला की त्याच्याकडे बघायचं आणि त्याला बोलू द्यायचं. रांग लांबेल अशी भीती वाटते. माझा अनुभव असा की मुख्य तक्रार पहिल्याच मिनिटात येते आणि पुढचे पाच प्रश्न वाचतात. मग पडदा थोडा रुग्णाकडे वळवायचा आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायचं : "दाब दीडशेवर शंभर, गोळी सकाळ-संध्याकाळ, मागच्या मंगळवारपासून. बरोबर ना ताई?" ताई म्हणते, "मंगळवारी न्हाई, सोमवारी." चूक तिथल्या तिथे सुधारते. आपण काय लिहितो आहोत हे तिला कळतं, आणि लिहिणं हे बोलण्याचाच भाग होतं. या एका सवयीने माझ्या ओपीडीतला अवघडलेपणा गेला.

दुसरी गोष्ट, जागच्या जागी लिहिणं. रात्रीसाठी ठेवलेल्या नोंदीला दुप्पट वेळ लागतो, आणि त्यातला बराच भाग आठवणीतला नसतो, अंदाजाचा असतो. कोणत्या बाईचा दाब १५० होता आणि कोणत्या बाईचा १३०, हे चाळीस रुग्णांनंतर रात्री साडेदहाला खात्रीने सांगणारा डॉक्टर मी पाहिलेला नाही.

लिहायचं किती? लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरने १९६८ मध्ये यावर एक निबंध लिहिला. नोंदीने पुढच्या डॉक्टरला वाट दाखवावी आणि शिकवावं, असं त्याचं म्हणणं. रुग्ण काय म्हणतो, मला काय आढळलं, मला काय वाटतं, आता काय करायचं : त्याच्या या चार भागांत साध्या ओपीडीची नोंद चार ओळींत बसते. पाचवी ओळ लिहायला हात शिवशिवला की ती कोण वाचणार आहे हे स्वतःला विचारावं. आणि मागच्या भेटीची नोंद उचलून पुढे चिकटवणं सोडून द्यावं. त्यात वेळ वाचतो हे खरं, पण 'पायांवर सूज नाही' हे वाक्य सहा महिने तसंच पुढे जातं आणि सातव्या महिन्यात बाई सुजलेल्या पायांनी समोर उभी राहते.

आपल्या ओपीडीत दहा-बारा आजारांचंच राज्य असतं. त्यांची तयार वाक्यं आणि औषधांचे संच एका निवांत दुपारी बसून स्वतः बनवून ठेवावेत. दुसऱ्याचे आयते घेतले तर त्याची वाक्यं आपल्या रुग्णांच्या तोंडी बसत नाहीत. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आता चांगली झाली आहे, इतिहास लिहायला ती जरूर वापरावी. औषधाचं नाव आणि मात्रा मात्र कधीही बोलून टाकू नये, यादीतूनच निवडावी. पासवर्ड भिंतीवर चिकटवू नये, इतकं सांगून त्या प्रकरणावरून मी पुढे जातो. पुस्तिकेत ते नीट आहे.

कामाची वाटणी हा मला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. वजन, उंची, दाब हे सिस्टरने दारातच मोजून टाकले तर डॉक्टरने ते पुन्हा विचारू नयेत आणि पुन्हा भरू नयेत. डॉक्टरने फक्त डॉक्टरलाच कळतं तेवढं लिहावं. सकाळी ओपीडी उघडण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी उभ्या उभ्या बोलावं : आज कोण कोण येणार, कुणाची नोंद अर्धवट आहे, कोणती टोळी या आठवड्यात निघते आहे. हे शेवटचं चकलांब्यासारख्या ठिकाणी फार महत्त्वाचं. निघणाऱ्या गरोदर बायांची यादी आशाताईंच्या तोंडावर असते. ती त्या दहा मिनिटांत पुढे आली, तर कार्डावर ठळक अक्षरांत ती एक ओळ लिहून देता येते, त्या बाईच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो ठेवता येतो. व्यवस्था जुळायची तेव्हा जुळेल. फोटो आज निघतो.

आणि शिकवणं. एका हॉलमध्ये शंभर जणांना बसवून पडद्यावर पडदे दाखवायचे, याने कुणी शिकल्याचं मला आठवत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या दवाखान्यांत त्यांनी वेगळं केलं. माहितगारांची एक तुकडी दोन आठवडे एकेका दवाखान्यात जाऊन डॉक्टर-नर्सच्या शेजारी बसायची, कुठे अडतंय ते बघायची आणि शक्य ते तिथेच दुरुस्त करायची. २०१९ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. काम करणाऱ्यांचा नोंदप्रणालीबद्दलचा रोष कमी झाला आणि भावनिक थकवाही काहीसा उतरला. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात एखादी सिस्टर, एखादा समुदाय आरोग्य अधिकारी असा असतोच, ज्याचा हात टॅबवर पाण्यासारखा चालतो. त्याला महिन्यातले दोन दिवस मोकळे करून शेजारच्या केंद्रात बसवायला नवा निधी लागत नाही.

एवढं सगळं करूनही, बोटांचा वेग वाढवून ही दमणूक पूर्ण जाणार नाही. वेगाने भरलेली निरुपयोगी नोंद निरुपयोगीच राहते. दहा सेकंदांत भरला तरी कुणी न वाचणारा रकाना माणसाला सांगत राहतो की तुझ्या कामाला अर्थ नाही, आणि हे दिवसातून ऐंशी वेळा ऐकलं की मन कोरडं पडतं. म्हणून ही पुस्तिका जितकी सेविकेने वाचावी तितकीच तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी वाचावी, पोर्टल बनवणाऱ्यांनी वाचावी. एन्ट्रीचा वेळ ड्यूटीच्या तासांत धरला पाहिजे. एका ठिकाणी भरलेलं नाव दुसऱ्या ठिकाणी आपोआप गेलं पाहिजे. नवा रकाना मागणाऱ्याने जुना कोणता काढतो ते आधी सांगितलं पाहिजे.

हवाईमधल्या एका रुग्णालय-समूहाने २०१७ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना सरळ विचारलं : आमच्या नोंदप्रणालीत तुम्हाला कोणत्या गोष्टी निव्वळ वेडगळ वाटतात, सांगा, काढून टाकू. पुष्कळ सूचना आल्या. दर तासाला रुग्णाकडे फेरी मारली एवढीच नोंद करायला चार रुग्णालयांतल्या परिचारिकांचे महिन्याला सुमारे १,७०० तास जात होते, असं तेव्हा मोजल्यावर दिसलं. ती नोंद काढली. फेऱ्या चालू राहिल्या.

ही हकीकत वाचून या पुस्तिकेच्या संपादकांकडे मी एक मागणी केली आणि त्यांनी ती मान्य केली. शेवटी सहा पानं कोरी ठेवली आहेत. ज्या रकान्याचा रुग्णाला, पुढच्या डॉक्टरला किंवा गावाला काही उपयोग झालेला तुम्ही कधी पाहिला नाही, त्याचं नाव तिथे लिहा, शेजारी दिवसाला किती मिनिटं जातात ते लिहा, आणि मासिक सभेला ही पुस्तिका बरोबर न्या. माझ्या प्रतीत पहिल्या ओळीवर मी लिहिलं आहे : एकाच कुटुंबाची एकच माहिती, तीन ठिकाणी, दर भेटीला सात मिनिटं. त्याखालची जागा आमच्या केंद्रातल्या सिस्टरसाठी सोडली आहे. त्यांची यादी माझ्याहून मोठी असणार.